कुलाब्याचं बेट: चाकाने आणि पावलांनी

काम काय ते आधी सांगतो. अलिबागचा कुलाबा किल्ला, उत्तरेला त्याला लागून असलेला सर्जेकोट आणि दोघांच्या पायाशी पसरलेला खडक, एवढं मिळून भरतीला बेट होतं आणि ओहोटीला किनाऱ्याला येऊन चिकटतं. तिथे सायकलने जायचं, जमेल तेवढं चाकाने आणि उरलेलं पावलांनी मोजायचं आणि ड्रॉइंग पेपरवर हाताने नकाशा काढायचा. मी नागावचा. सुट्टी फक्त रविवारची. सोबत भाचा, इयत्ता सातवी. मोजणीचा अर्धा भार त्याच्यावर. पुढे कुणाला हेच करायचं असेल तर आमचे वाया गेलेले रविवार त्याच्या कामी यावेत म्हणून या नोंदी.

८ डिसेंबर २०२४, रविवार

पडवीतून बाबांची २८ इंची सायकल काढली. अकरा वर्षं भिंतीला टेकून होती. टायर हात लावला तर भुगा होत होता. आईचं म्हणणं, भंगारवाल्याला दे, निदान जागा तरी होईल. दुकानात नेली. दोन टायर ५६०, दोन ट्यूब २४०, चेन २२०, बेअरिंगच्या गोळ्या आणि ग्रीस मिळून ९०, ब्रेकचे रबर ६०, मजुरी ३००. एकूण १४७०. दुकानदाराने चाकाचा आउट (वाकडेपणा) काढला आणि विचारलं, कुठे नेणार? समुद्रात, म्हटल्यावर त्याने ग्रीस आणखी एक बोट जास्त भरलं. पैसे त्याचे घेतले नाहीत.

गिअरची सायकल का नाही, असं दोघातिघांनी विचारलं. खाऱ्या पाण्यात नवी, महागडी सायकल घालायला जीव होत नाही, हे एक. दुसरं, जुन्या सायकलला उघडायला लागतो एक पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर.

१५ डिसेंबर, रविवार

चाकाने अंतर मोजायची तयारी. पुढच्या चाकाच्या एका आऱ्याला प्लास्टिकची पट्टी बांधली आणि चाक धरणाऱ्या चिमट्याला तेलाच्या डब्यातून कापलेला तुकडा. चाक एकदा फिरलं की एकदा 'टक'. भाच्याने मोजायचं. पन्नास झाले की डाव्या खिशातला एक शिंपला उजव्या खिशात. कागदावर रेघा ओढायचं आधी ठरवलं होतं, पण सायकल ढकलताना हात मोकळा राहत नाही आणि कागद वाऱ्यावर फडफडतो. शिंपल्यांची युक्ती त्याची.

शेजारच्या गवंड्याकडून तीस मीटरची टेप आणली. घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर खडूने खुणा केल्या. दहा फेऱ्यांना २२.१ मीटर. तीनदा केलं, तीनदा तेच आलं. फार खूश झालो. हा आकडा नकाशात धरायचा असं ठरवून टाकलं, आणि पुढचा महिनाभर तोच नडला.

२२ डिसेंबर, रविवार

पूर्ण फुकट गेलेला दिवस.

आमच्याकडे भरती-ओहोटीचा हिशोब तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन; तीनला पूर्ण भरती, नऊला पूर्ण ओहोटी. आज सप्तमी, दुपारनंतर अष्टमी. सात पाऊण सव्वापाच. म्हणजे ओहोटी सव्वाअकराला. वाटलं, याहून सोयीचं काय! आरामात उठायचं, पोहे खायचे, नऊ किलोमीटर सायकल मारायची, अकराला किल्ला.

साडेदहाला अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचलो. पाणी होतं. अकराला होतं. बाराला थोडं कमी होतं, पण होतंच. मधल्या पट्ट्यात लोक गुडघाभर पाण्यातून चप्पल हातात धरून चालले होते. घोडागाड्या पाणी उडवत जात होत्या. सायकल घातली असती तर हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, सरळ समुद्रच शिरला असता. साडेबाराला पाणी परत वळलं. आम्ही वडापाव खाऊन घरी.

खरी चूक वेळेत नव्हती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीला भांग. भांगाचं पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. ओहोटी तासभर उशिरा का होईना झाली, पण उतरली नाही. कोकणात जन्म गेला माझा; उधाण, भांग हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. पण मासे कधी मिळतील एवढ्यापुरताच त्यांचा उपयोग केला होता.

२४ डिसेंबर, मंगळवार

रात्री वहीत मांडून पाहिलं. उधाणाला पाणी भरपूर उतरतं, पण उतरतं सकाळी सहाच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पहाटे काळोख, संध्याकाळी किल्ला बंद व्हायची वेळ. भांगाला ओहोटी भर दुपारी, अगदी सोयीची, पण पाणी हटत नाही. म्हणजे समुद्राने सोयीची वेळ आणि कोरडी वाट एकाच दिवशी द्यायचीच नाही असं ठरवलेलं दिसतं. मधले दिवस तेवढे हाताशी. तृतीया आणि चतुर्थी उत्तम, पंचमी ओढूनताणून. त्या दिवशी ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहाच्या मध्ये येते आणि उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो. त्याशिवाय त्रयोदशी-चतुर्दशीच्या संध्याकाळी जाता येतं, मात्र वेळ कमी.

आता या तिथींपैकी एखादी रविवारी आली पाहिजे. कॅलेंडर घेऊन बसलो. जानेवारीत दोन रविवार बरे. फेब्रुवारीत संकष्टी १६ तारखेला, आणि तोही रविवार. त्यावर लाल पेनने गोल केला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

शुद्ध चतुर्दशी. ओहोटी साडेचार-पाचची. साडेतीनला वाळूत उतरलो.

कुणाला सायकल न्यायची असेल त्याने एवढं लक्षात ठेवावं: घोडागाडीच्या चाकोऱ्या सोडायच्या नाहीत. घट्ट वाळू कुठे आहे ते घोड्याला आणि गाडीवाल्याला माहीत असतं. मी सरळ रेषेत जावं म्हणून चाकोरी सोडली आणि वीस पावलांत पुढचं चाक रुतलं. भाचा मागून हसत होता. टायर कडक फुगवलेले होते, ते वाळू कापत खाली जात. हवा कमी केली, अंगठ्याने दाबल्यावर आत जाईल इतपत. लगेच फरक पडला. सायकलवर बसूनही जाता आलं. दोन्ही बाजूंना ओली, आरशासारखी वाळू, त्यात आभाळ आणि समोर तटाचा काळा पट्टा. दहा मिनिटं मोजणी-बिजणी विसरलो.

तिकीट २५ रुपये, भाच्याला नाही. दरवाजावरच्या पहारेकऱ्याने सायकल बघून मान हलवली. आत चालणार नाही. बरोबरच आहे, संरक्षित वास्तू आहे. मी म्हटलं, सायकल बाहेर ठेवतो, नुसतं पुढचं चाक काढून नेऊ का? मोजायला? त्याने माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं.

"चाक पण नको, काका. पावलांनी मोजा की."

त्याच्या एका वाक्याने कामाची आखणी बदलली. तटाबाहेर चाक, आत पावलं. मला हे आधी सुचायला हवं होतं.

आत चाळीस मिनिटं मिळाली. महादरवाजावरचे कोरलेले हत्ती आणि मोर पाहिले, सिद्धिविनायकाला नमस्कार केला, पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून पाणी प्यालो (आमच्या बाटलीतलं). चारी बाजूंना खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याचा साठा, हे कितीदाही पाहिलं तरी गंमत वाटते. हे मंदिर राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलं. मोजणी शून्य. सूर्य टेकताना निघालो, अंधारात घरी. सायकल तशीच पडवीत लावली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन भाचा आला आणि म्हणाला, मामा, चक्कर मारू? पेडल हलेना. दोन दिवसांत चेन तांबूस आणि ताठ, काठीसारखी. मागच्या चाकाचं दातेरी फ्रीव्हील कर्रकर्र करून अडकत होतं. रविवारी रात्री गोड्या पाण्याने धुतली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. आता रॉकेल, जुना टूथब्रश आणि अख्खा दिवस गेला. चेन सुटली, फ्रीव्हील नाही. नवं २२० रुपये.

त्यावर मी शहाणपणा करून खोबरेल तेल सोडलं. करू नका. तेलाला वाळू चिकटते आणि त्याचा लेप बनतो, पॉलिश पेपरसारखा. शेवटी दुकानदाराने सांगितलेला उपाय केला. चेन उतरवून, धुऊन, वाळवून, वितळवलेल्या मेणबत्तीच्या मेणात बुडवली आणि टांगून ठेवली. सुकल्यावर हाताला कोरडी लागते, वाळू धरत नाही. मेणबत्त्या ३० रुपयांच्या. पातेलं आईने परत स्वयंपाकघरात घेतलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

पंचमी. ओहोटी पावणेदहा-दहा. पहिली खरी मोजणी, आणि सर्वांत जास्त चुका.

साडेसहाला घर सोडलं. वाटेत अक्षी. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे सन १०१२, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी. भाच्याला दाखवायचा होता, पण समुद्र थांबत नाही म्हणून पुढे. साखरच्या खाडीवरच्या पुलावरून पाणी कुठल्या दिशेला धावतंय ते पाहायचं, ही आमची नवी सवय. बाहेर चाललं होतं.

आज सर्जेकोटाभोवती वाळू आणि सपाट खडक जिथे आहे तिथून चाक फिरवायचं, प्रत्येक वळणाला दिशा घ्यायची आणि निघालो त्याच दगडाशी परत यायचं. दिशेसाठी मोबाइलमधलं होकायंत्र. हात मोकळे राहावेत म्हणून मोबाइल हँडलला रबराने बांधला. अकरा वळणं, अकरा दिशा, भाच्याचे शिंपले, सगळं वहीत. अगदी शास्त्रशुद्ध.

सर्जेकोट आतून रिकामा आहे, झाडोरा आणि पडकी भिंत. पण तिथून कुलाब्याचा तट जवळून दिसतो. मोठमोठे दगड एकावर एक, मध्ये चुना नाही. लाट फटीतून आत जाते आणि तशीच बाहेर येते, तिचा धक्का भिंतीला बसत नाही. एका फटीत बोट घातलं तर मनगटापर्यंत हात गेला. आत गार हवा होती आणि एक खेकडा. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांच्या हुकमाने १६८० च्या मार्चमध्ये सुरू झालं. महाराज ३ एप्रिलला गेले. पुढचं बांधकाम संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये पुरं केलं. त्या फटी तेव्हापासून लाटा पीत आहेत.

आणि याच फटींत रमलो म्हणून वेळ चुकली. खाली खडकावरची कालवं (शिंपल्यातले जीव) काढत बसलेली एक म्हातारी ओरडली,

"बाला, सायकल कनाला आनली? पानी चरतंय, नीघ आता!"

पाहिलं तर आमच्या पायाशी कोरडं होतं. पण मधल्या सखल पट्ट्यात, जिथून परत जायचं, तिथे पाणी आधी शिरलं होतं. हीच गोम. उभे असता तिथली वाळू बघून अंदाज बांधायचा नाही, वाट जिथे सर्वांत खोल आहे तिथे बघायचं. शिवाय पंचमीला उधाणाचा जोर ओसरत आलेला असतो, त्यामुळे वाट उघडी राहण्याचा वेळही आखूड. भाच्याला घोडागाडीत बसवलं (गाडीवाल्याने पैसे घेतले नाहीत, "पोराचे कसले" म्हणाला) आणि मी सायकल खांद्यावर घेऊन पोटरीभर पाण्यातून. मध्ये एकदा तोल गेला, मागचं चाक हबपर्यंत बुडालं. २८ इंचीचं वजन किती असतं ते खांद्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमचा नियम तेव्हापासून: पूर्ण ओहोटीच्या आधी दीड तास उतरायचं, ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर. पंचमीला अर्ध्या तासात.

घरी आल्या आल्या सायकल धुतली. दोन बादल्या गोडं पाणी, हब उघडून नवं ग्रीस. चहा नंतर.

२१ जानेवारी, मंगळवार

नकाशा मांडायला बसलो. एक सेंटिमीटरला दहा मीटर. सर्जेकोटाचा फेरा जिथून सुरू केला तिथे शेवट यायला हवा. आला नाही. कागदावर दोन टोकांत चार बोटांची फट. परत मांडलं. फट तीच.

दोन कारणं सापडली. एक, हवा. रस्त्यावर दहा फेऱ्यांना २२.१ मीटर आले ते कडक टायरचे. वाळूत मी हवा कमी केली होती. परत टेप लावली. मऊ टायरने २१.६. शंभर मीटरमागे सव्वादोन मीटरची चोरी. पण फेरा सगळाच त्या प्रमाणात मोठा झाला असता, टोकं तरी जुळली असती. फट यामुळे नव्हती.

दुसरं कारण भाच्याने काढलं. तो म्हणाला, मामा, सायकल लोखंडाची आहे ना? मोबाइल हँडलला धरून उत्तर दिशा पाहिली, मग चार पावलं दूर जाऊन. काटा चांगलाच सरकला. आणि हँडल वळेल तसा कमीजास्त सरकत होता, म्हणजे अकराही दिशा वेगवेगळ्या प्रमाणात चुकलेल्या.

लाज वाटायचं कारण वेगळंच. अलिबागेत भूचुंबकीय वेधशाळा आहे, १९०४ पासूनची. मुंबईत कुलाब्याला विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सूक्ष्म मापनं बिघडतील, म्हणून ती इथे हलवली. मुंबईच्या कुलाब्याहून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. तिची इमारत चुंबकाला ओढ न देणाऱ्या सामानातून बांधलेली. त्या गावाच्या समोर, डोळ्यांदेखत, मी होकायंत्र लोखंडी दांड्याला बांधलं. अकरा दिशा रद्द. फक्त शिंपल्यांचे आकडे ठेवले, तेही दुरुस्त करून.

१ फेब्रुवारी, शनिवार

माघी गणपती. रजा टाकली. कॅलेंडरवर गणेश जयंती, म्हणजे चतुर्थी, म्हणजे ओहोटी नऊला असा हिशोब करून साडेसातच्या ऐवजी सव्वाआठला उतरलो, कारण भाच्याचे बूट सापडत नव्हते आणि वाटलं पाऊण तास हातात आहे. नव्हता. पाणी उतरायचं थांबलेलं. घरी येऊन बारीक अक्षरांत पाहिलं: चतुर्थी लागते साडेअकरानंतर, सकाळी तृतीयाच. सणाची तिथी वेगळ्या हिशोबाने धरतात, समुद्राला त्याचं काही नाही. तीन पाऊण सव्वादोन, ओहोटी सव्वाआठ. तिथी पाहताना ती किती वाजता लागते आणि संपते तेही पाहावं.

दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी, वाळूभर माणसं. चाक फिरवायला जागा नाही. म्हटलं, निदान तटाच्या कडेने किती सायकल जाते ते पाहू. वाळू संपून खडक सुरू झाल्यावर तीस-चाळीस पावलांत 'फुस्स'. खडकावर कालवांच्या शिंपल्यांची धार असते, ब्लेडसारखी. दोन ठिकाणी कापलं. पंक्चरचं सामान घरी. दोन पंक्चर ६० रुपये, किनाऱ्यापर्यंत ढकलत.

म्हणजे सायकलची हद्द ठरली. किनारा ते दरवाजा आणि सर्जेकोटाच्या पूर्वेची वाळू, बस. कालवं दिसली की उतरायचं. पायातही जाड तळाचं काहीतरी हवं. भाच्याच्या टाचेला आज चिरा पडल्या, त्यावर हळद.

१६ फेब्रुवारी, रविवार

संकष्टी, आणि या वेळी चतुर्थी पहाटेपासून रात्रीपर्यंत खरीखुरी. ओहोटी नऊच्या थोडं आधी. साडेसातला वाळूत. हवा घरूनच कमी करून, त्याच हवेवर किनाऱ्याच्या ओल्या वाळूत टेप लावली. दहा फेऱ्यांना २१.४. रस्त्याचा आकडा वाळूवर चालत नाही. जिथे मोजायचं तिथेच चाक तपासायचं.

सर्जेकोटाचा फेरा परत घेतला. जिथे कालवं तिथे पावलं, जिथे वाळू तिथे चाक, आणि होकायंत्र भाच्याच्या हातात, सायकलपासून दहा पावलं लांब. तो दिशा ओरडायचा, मी लिहायचो. कुलाबा आणि सर्जेकोट यांना जोडणारा दगडी बांध पावलांनी मोजताना शेवाळावर मी एकदा बसलोच.

मग सायकल दरवाजाबाहेर साखळीने बांधून आत. माझी शंभर पावलं म्हणजे ६८ मीटर, हे घरी टेपवर पाहिलेलं. उत्तर-दक्षिण ४१८ पावलं आली. म्हणजे २८४ मीटर, ९३२ फूट. किल्ल्याची लांबी ९०० फूट आणि रुंदी ३५० फूट अशी दिली जाते. बत्तीस फूट जास्त का? सरळ चालता येत नाही. वाड्यांचे चौथरे आडवे येतात, झुडपं येतात, वळसा पडतो. पण आग लागून जळलेले वाडे, १८४२ मध्ये इंग्रजांनी लिलावात विकलेलं इथलं लाकूड, आणि उरलेले हे जोते. त्यांना वळसा घालताना बत्तीस फुटांचा राग येत नाही.

बुरूज सतरा. मी मोजले सोळा, भाच्याने अठरा. दोघांनी मिळून परत फिरून सतरा केले, थोडं ओढूनताणूनच. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्यांवर डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर असं कोरलेलं. भाच्याने विचारलं, आंग्र्यांच्या किल्ल्यात इंग्रजांची तोफ कशी? मी त्याला १७२१ ची गोष्ट सांगितली. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून हा किल्ला घ्यायला आले आणि कान्होजींपुढे हात हलवत परत गेले. तो म्हणाला, मग तोफ त्यांची विसरली का? मला हसू आलं. विसरली नाही, ती नंतरच्या काळातली. पण त्याने नकाशावर तिथे 'विसरलेली तोफ' असंच लिहिलंय आणि मी खोडलेलं नाही.

साडेनऊला निघालो. पावणेदहाला किनारा, चाक कोरडं. पहारेकरी म्हणाला, झाला का नकाशा? पुढच्या वेळी दाखवा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सर्जेकोटाचा फेरा कागदावर मांडला. टोकांतली फट आता पेन्सिलीच्या जाडीच्या तिप्पट. चालेल. कुलाब्याच्या तटाची बाहेरची पश्चिम बाजू मात्र कोरी आहे. तिथे खडक उंचसखल, कालवं दाट आणि ओहोटीलाही लाटा येतात. सायकलचा प्रश्नच नाही. आतून तटावर चढून पावलं मोजली तेवढ्यावरून तुटक रेघ ओढली आहे. तुटक म्हणजे अंदाज, असं कोपऱ्यात लिहिलं.

आजवरचा खर्च: दुरुस्ती १४७०, फ्रीव्हील २२०, मेण ३०, पंक्चर ६०, चार वेळचं तिकीट १००. एकूण १८८० रुपये. आणि आईला एक पातेलं देणं आहे. रविवार सहा, त्यातला एक पूर्ण वाया आणि एक चाळीस मिनिटांचा. वरून एक रजा.

सायकल धुऊन, चेन परत मेणात बुडवून टांगली आहे. मागच्या चाकाची हवा रात्रीत उतरते; वालट्यूब (व्हॉल्व्हवरची रबरी नळी) नवी घालायची. २ मार्चला रविवार आहे, तृतीया, रात्री नवापर्यंत. ओहोटी सव्वाआठ. पश्चिमेच्या बाजूला कालवं काढणारी ती म्हातारी जाते तिथपर्यंत तरी तिच्या मागून जाता येईल का, हे तिलाच विचारायचं ठरलंय.